संकासुर डिस्कमध्ये आहे, प्लेअरला दिसत नाही

प्रश्न : दादा, नमस्कार. माझे सासरे दशावतारी नाटकात संकासुराचं सोंग करायचे. १९९८ च्या जत्रेत शेजाऱ्यांनी त्यांच्या नाटकाचं शूटिंग केलं होतं. व्हीएचएस कॅसेट आहे, पावणेतीन तासांची. सासरे जाऊन नऊ वर्षं झाली. यंदा मुंबईच्या भाच्याने ती कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली आणि घरीच दोन डिस्क बनवून पाठवल्या. पहिली घातली की फोल्डरचं नाव येतं, पण प्ले दाबलं की ‘अनसपोर्टेड’. दुसरी पुसून पुन्हा वापरता येते तशी आहे. ती घातली की थोडा वेळ घरघर आणि मग ‘नो डिस्क’. आमचा डीव्हीडी प्लेअर २००५ चा, टीव्ही जुना खोक्याचा. विकतच्या आरत्यांची व्हीसीडी त्यावर रोज लागते, नाटकाची एक विकतची डीव्हीडीही चालते. दुकानदार म्हणतो, प्लेअर बाद झाला, नवा टीव्ही घ्या आणि पेनड्राइव्ह लावा. पण सासूबाई ८२ वर्षांच्या. त्यांना या रिमोटची दोनच बटणं कळतात. रोज विचारतात, “माका त्येंका एकदा बघूक व्हया, लागता काय?” काय करू?
— एक वाचक भगिनी, कुडाळ

उत्तर : ताई, प्लेअर फेकू नका. विकतची व्हीसीडी आणि डीव्हीडी दोन्ही चालतात, म्हणजे त्याचे दोन्ही लेझर शाबूत आहेत. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त लेझर लागतो आणि डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा लाल. बिघाड डिस्क बनवण्यात आहे, आणि तुमच्या दोन डिस्कची दुखणी वेगवेगळी आहेत.

पहिल्या डिस्कवर फोल्डरचं नाव दिसतं, म्हणजे प्लेअरने ती वाचली. वाचली, पण आतली भाषा त्याला येत नाही. भाच्याने एमपी४ फाइल केली असणार, आणि अशा फाइलमध्ये आजकाल बहुधा एच.२६४ व्हिडिओ असतो. हे मानक २००३ साली आलं. तुमच्या प्लेअरच्या चिपला व्हीसीडीचं एमपीईजी-१ आणि डीव्हीडीचं एमपीईजी-२ एवढंच ठाऊक आहे. नवी भाषा त्याला आता शिकवता येत नाही, म्हणून डिस्कच त्याच्या भाषेत बनवायला हवी.

इथे भाच्याचा दोष धरू नका. विंडोजमध्ये कोरी डिस्क घातली की दोन पर्याय विचारतात. एक, यूएसबी ड्राइव्हसारखी वापरायची. दुसरा, सीडी-डीव्हीडी प्लेअरबरोबर वापरायची. कोणीही दुसराच निवडेल. पण त्यानेही तयार होते ती फक्त फाइल भरलेली डेटा डिस्क. माझ्याकडे येणाऱ्या दर चार तक्रारींतल्या तीन या एका वाक्यामुळे असतात, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण लोक बिचारे आपल्या यंत्राला दोष देऊन ते भंगारात घालतात. डिस्कवर फाइल टाकणं वेगळं आणि व्हिडिओ डिस्क बनवणं वेगळं. खऱ्या डीव्हीडीत व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर असतो आणि त्यात आयएफओ, बीयूपी, व्हीओबी अशा फाइल असतात. प्लेअर आधी आयएफओ वाचतो, कुठून सुरू करायचं ते त्यावरून त्याला कळतं. एमपी४ ला नुसतं व्हीओबी हे नाव देऊन काही होत नाही.

दुसऱ्या डिस्कचं दुखणं अंगाचं आहे. पुसता येणारी डीव्हीडी-आरडब्ल्यू विकतच्या डिस्कपेक्षा बरीच मंद चमकते. कारखान्यात छापलेली एका थराची डीव्हीडी लेझरचा निदान ४५ टक्के प्रकाश परत पाठवते, आरडब्ल्यू साधारण १८ ते ३० टक्केच. एवढीच चमक दोन थरांच्या विकतच्या डीव्हीडीची असते. त्यामुळे काही जुने प्लेअर आरडब्ल्यूला दोन थरांची समजतात, दुसरा थर शोधत बसतात आणि शेवटी हार मानतात. ती घरघर म्हणजे हा शोध. ही डिस्क भाच्याने चाचणीपुरती स्वतःकडे ठेवावी.

आता पुढचं भाच्याला वाचून दाखवा.

सगळं नाटक एका डिस्कवर हवं तर डीव्हीडी-आर घे, एका थराची, ४.७ जीबीची. डीव्हीडी+आरच मिळाली आणि तुझ्या ड्राइव्हमध्ये बुक टाइप, म्हणजे डिस्कवरची तिच्या प्रकाराची नोंद, बदलायची सोय असली, तर तो डीव्हीडी-रॉम ठेव. मग जुना प्लेअर तिला विकतची समजतो. दोन थरांच्या कोऱ्या डिस्कच्या वाटेला जाऊ नकोस. डीव्हीडीस्टायलर नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, त्यात पाल ही आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत निवड, सेकंदाला २५ फ्रेम. अमेरिकेतली एनटीएससी ठेवलीस तर जुन्या टीव्हीवर चित्र काळंपांढरं तरी होईल किंवा पळत तरी राहील. पावणेतीन तास एका डिस्कवर बसवायचे तर व्हिडिओ सेकंदाला ३४०० किलोबिटच्या आसपास आणि आवाज एसी-३, १९२ किलोबिट, ४८ किलोहर्ट्झ. एवढ्या कमी दरात ७२० बाय ५७६ चं पूर्ण चित्र नीट मावत नाही, हालचालीत चौकोन पडतात. त्याऐवजी ३५२ बाय ५७६ ठेव. हेही डीव्हीडीच्या नियमात बसतं, आणि व्हीएचएसमध्ये आडवा तपशील मुळात तेवढाच असतो, त्यामुळे काही गमावत नाहीस. झांज आणि पखवाजाच्या नादात पात्रं गिरक्या घेतात तेव्हा हा फरक डोळ्यांना दिसतो.

मेनू ठेवू नकोस. डिस्क आत गेली की नाटक आपोआप सुरू झालं पाहिजे. आजींना बाण फिरवून ओके दाबायला लावू नये. मात्र संकासुर जिथे प्रवेश करतो तिथे एक चॅप्टर टाक, म्हणजे ‘नेक्स्ट’च्या एका बटणावर ते येतील.

डिस्क बर्न करताना वेग ४ किंवा ८ पट ठेव आणि शेवटी ती फायनलाइझ कर, म्हणजे लिहिणं पूर्ण करून बंद कर. हे राहून गेलं तर कॉम्प्युटर डिस्क दाखवतो, प्लेअर मात्र ती कोरी समजतो. डिस्कवर कागदी स्टिकर लावू नकोस. हे मी अनुभवाने सांगतो. २००६ मध्ये माझ्या दुकानात लग्नाच्या डीव्हीडींवर नवरानवरीच्या फोटोचे सुंदर स्टिकर लावून द्यायचो. पावसाळा आला, कागदाने ओल धरली, डिस्क किंचित वाकल्या, आणि गिऱ्हाइकं एकेक करून परत आली. शेवटच्या अर्ध्या तासात चित्र अडकायचं, कारण डिस्क काठाशी जास्त डुलते आणि शेवटचा भाग काठाशीच असतो. सगळ्या डिस्क पुन्हा बनवून दिल्या. तेव्हापासून मऊ टोकाचं मार्कर, तेही मधल्या भोकाजवळ.

पण ताई, एवढ्या सगळ्याच्या आधी एक छोटं काम करून घ्या. तुमचा प्लेअर व्हीसीडी रोज लावतो, म्हणजे त्याचा सगळ्यात खात्रीचा रस्ता तोच आहे. संकासुर येतो तो आड दशावतारात, म्हणजे सुरुवातीच्या भागात, मुख्य कथा (आख्यान) सुरू होण्याआधी. तेवढाच भाग भाच्याने कापून घ्यावा आणि साध्या ७०० एमबीच्या सीडी-आरवर व्हीसीडी बनवावी. एमपीईजी-१, ३५२ बाय २८८, व्हिडिओ ११५० किलोबिट, आवाज २२४ किलोबिट, ४४.१ किलोहर्ट्झ. हे आकडे ठरलेले आहेत, यात स्वतःची अक्कल चालवायची नाही. नीरोच्या जुन्या आवृत्तीत किंवा लिनक्सवरच्या केथ्रीबीमध्ये ‘व्हिडिओ सीडी’ असा वेगळा पर्याय आहे, तोच घ्यायचा. एका सीडीवर ८० मिनिटं मावतात, म्हणजे संकासुराची सोंगं, बोलणी सगळी आरामात बसतील. तशा तीन प्रती करा. एक रोजची, दोन कपाटात उभ्या ठेवलेल्या.

आणि कोणी प्लेअर उघडून लेझरचा प्रीसेट फिरवून ‘पॉवर वाढवून देतो’ म्हणालं तर देऊ नका. चार महिने छान चालेल आणि मग लेझर कायमचा जाईल. लेन्सवर धूळ असेल तर कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावून हलका हात, बस. मूळ कॅसेट कोरड्या जागी जपा, पुसू नका, कोणाला देऊ नका.

प्रश्न : बहिणीच्या लग्नाची व्हीसीडी प्लेअरवर अधूनमधून अडकत का होईना चालते, पण कॉम्प्युटरवर कॉपी करायला घेतली की चूक दाखवून थांबते. कॉपीच होत नाही. असं का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : व्हीसीडीत जास्त चित्र मावावं म्हणून साध्या डेटा सीडीवर असते ती चुका दुरुस्त करणारी जादा माहिती काढून टाकलेली असते. प्लेअरला एखादा ठिपका वाचता आला नाही तर तो पुढे सरकतो. कॉम्प्युटर कॉपी करताना मात्र प्रत्येक बाइट मागतो आणि नाही मिळाला की थांबतो. एमपीईजीएव्ही फोल्डरमधली डीएटी फाइल ओढून घेण्याऐवजी चुका गाळून वाचणारा आयसोबस्टरसारखा प्रोग्रॅम वापरा, आणि दोन-तीन वेगवेगळ्या ड्राइव्हवर करून पाहा. जुने सीडी रायटर कधीकधी नव्यांपेक्षा चांगलं वाचतात. खालची बाजू मऊ सुती कापडाने मधून काठाकडे सरळ पुसा, गोल नाही. वरच्या बाजूवर बॉलपेनने नाव लिहिलेलं असेल तर तेही बघा, कारण सीडीचा माहितीचा थर वरच्या बाजूलाच, लाखेच्या पातळ थराखाली असतो. तिथे ओरखडा गेला असेल तर तेवढी मिनिटं सोडून बाकीचं आजच उतरवून घ्या.