घरात स्किझोफ्रेनिया असेल तर आधारगटाला जाऊन खरंच काही फरक पडतो का?

पडतो. पण तुम्ही ज्या फरकाची वाट बघताय, तो बहुधा नाही.

तुम्ही लिहिलंय की धाकट्या भावाचं निदान होऊन दोन वर्षं झाली, गोळ्या नियमित आहेत, आवाज ऐकू येणं कमी झालंय, पण तो दिवसभर पडून असतो. डॉक्टरांनी आधारगटाला, म्हणजे असा आजार घरात असलेल्या कुटुंबांच्या बैठकीला, जायला सांगितलंय आणि आई म्हणतात, घरातलं चार लोकांत कशाला न्यायचं? माझाही भाऊच. आमच्याकडे या आजाराला बरीच वर्षं झाली आणि जवळजवळ तेवढीच वर्षं मी पुण्यातल्या एका गटाला जाते. त्यामुळे हे उत्तर डॉक्टरांचं नाही, एका शुभंकराचं आहे. आमच्यात काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात आणि आजार असलेल्याला शुभार्थी.

तुमचा भाऊ दिवसभर पडून असतो ना, तिथूनच सुरुवात करते. आवाज, संशय, भलतंसलतं बोलणं हे सगळ्यांना आजार म्हणून दिसतं. अंघोळ न करणं, कुणाशी न बोलणं, कशातच रस न वाटणं हाही आजाराचाच भाग असतो, पण घरच्यांना तो आळस वाटतो. गोळ्या पहिल्या प्रकारावर चांगल्या चालतात, दुसऱ्यावर बऱ्याचदा फारशा नाही. डॉक्टर हे सांगतात, पण त्यांच्या बाहेर वीस माणसं ताटकळत असतात. एका वाक्यात सांगून होतं आणि ते वाक्य आपल्या डोक्यात शिरत नाही.

बैठकीत ते शिरतं कसं, ते सांगते. एकदा एक निवृत्त काका आले. बँकेत मोठ्या पदावर होते. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते, हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मुलगा पंधरा-पंधरा दिवस अंघोळ करत नाही. सांगून सांगून थकलो." कुणी हळहळलं नाही, कुणी उपदेशही केला नाही. समोरच्या बाईंनी विचारलं, "नुसतं सांगता, की बादली भरून, टॉवेल-कपडे काढून ठेवता?" काका गप्प. बाई म्हणाल्या, "माझ्या मुलीला अंघोळ म्हणजे दहा कामं वाटतात. पाणी काढायचं, कपडे शोधायचे, दार लावायचं... मी त्यातली सात करून ठेवते, उरलेली तीन ती करते. पूर्वी एकही व्हायचं नाही." मग दुसरे एक जण म्हणाले, आमच्याकडे रोजचा हट्ट सोडला, एक दिवसाआड ठरवलंय. त्यावर दहा मिनिटं नुसती अंघोळीवर चर्चा. बाहेरच्या कुणाला वाटेल, या लोकांना दुसरे विषय नाहीत का! पण काकांनी तेवढ्यात पिशवी खाली ठेवली होती आणि खिशातून पेन काढलं होतं.

आधारगट म्हणजे बव्हंशी हेच. लोकांना वाटतं तिथे सगळे रडत असतात. रडतातही कधी कधी, पण जास्त वेळ जातो तो झोपेच्या वेळा, वाढलेलं वजन, लपवून ठेवलेल्या गोळ्या, लग्नाला न्यावं की नाही, पाहुण्यांना काय सांगायचं असल्या गोष्टींत.

याला नुसता अनुभवाचा नाही, अभ्यासाचाही आधार आहे. लंडनमध्ये १९५० च्या दशकात जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं आढळलं की रुग्णालयातून आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेले पुरुष, भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहायला गेलेल्यांपेक्षा जास्त ढासळत होते. ऐकायला विचित्र वाटतं. पुढच्या काही वर्षांच्या कामातून कारण पुढे आलं: सतत टोचून बोलणं, राग आणि अति काळजी. ज्या घरात हे जास्त, तिथे आजार पुन्हा उसळण्याचं प्रमाण जास्त. यातून आजार घरच्यांमुळे होतो असा अर्थ कुणी काढू नये. आईवर तो आळ पूर्वी भरपूर घेतला गेलाय आणि तो चुकीचा ठरलाय. मुद्दा एवढाच की घरातलं बोलणं बदलता येतं, आणि ते बदललं तर गोळ्यांचं काम सोपं होतं. आता टोचून बोलू नका असं तुम्हाला कुणीही सांगेल, मी आत्ता सांगतेच आहे. पण सकाळी अकरा वाजता तो तोंडावर पांघरूण ओढतो तेव्हा जिभेवर आलेलं वाक्य गिळायचं कसं, ते असल्याच सकाळी काढलेल्या माणसांकडून कळतं.

एक उदाहरण देते. एका शुभार्थीला वाटायचं की शेजारी कुकरच्या शिट्ट्यांमधून आपल्याला शिव्या देतात. वडील वाद घालायचे: असं कसं होईल, वेडा आहेस का? आई त्याला बरं वाटावं म्हणून हो म्हणायची. दोन्हींनी बिघडायचं. गटात त्यांना एक तिसरं वाक्य मिळालं, "मला तसं ऐकू येत नाही, पण तुला त्रास होतोय हे दिसतंय. आपण आतल्या खोलीत बसू या का?" संशय गेला नाही. तो गोळ्या बदलल्यावर कमी झाला. पण त्या दोन-तीन महिन्यांत घरात आदळआपट झाली नाही.

म्हणूनच गट हा औषधाला पर्याय नाही, हे ठणकावून सांगते. कुठल्याही बैठकीत कुणी गोळ्या बंद करा, अमक्या महाराजांकडे न्या, तमकी पावडर घ्या असं सुचवलं आणि चालवणाऱ्यांनी त्याला तिथल्या तिथे थांबवलं नाही, तर पुन्हा जाऊ नका. चांगल्या गटात एखादा मानसोपचारतज्ज्ञ किंवा समाजसेवक संपर्कात असतो, बोललेलं बाहेर जात नाही हा नियम पाळला जातो आणि कुणी कुणाच्या डोसात लुडबुड करत नाही. आणखी एक त्रास अगदी चांगल्या गटातही होतो. कुणाचा तरी मुलगा नोकरीला लागतो, आणि टाळ्या वाजवताना आपल्या पोटात तुटतं. तसं झालं तर एखादी बैठक बुडवावी, खुशाल.

पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन १९९७ पासून हे काम करते. डॉ. जगन्नाथ वाणी हे तिचे संस्थापक, कॅनडात प्राध्यापक होते, आणि त्यांच्या पत्नीला हा आजार होता. म्हणजे संस्थाच मुळात एका शुभंकराने उभी केलेली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था १९९० पासून आहे. तुम्ही गाव लिहिलेलं नाही. जवळपास गट नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातल्या समाजसेवकांना विचारा. ओपीडीच्या रांगेत भेटणारी तीन-चार कुटुंबं मिळूनही गट होतो. सातारा, गोवा आणि तमिळनाडूत एक मोठा अभ्यास झाला होता, २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात गावातल्याच, थोडं प्रशिक्षण दिलेल्या माणसांनी स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या घरी जाऊन मदत केली, डॉक्टरांचे उपचार चालूच होते. नुसत्या उपचारांपेक्षा वर्षभरात त्यांची लक्षणं आणि रोजच्या जगण्यातल्या अडचणी थोड्या जास्त कमी झाल्या. चमत्कार नाही, पण मला तो निष्कर्ष फुगवलेला नसल्यामुळेच खरा वाटतो.

गटाचा आणखी एक उपयोग आहे, जो कुणी आधी सांगत नाही: कागदपत्रं. मनोविकाराचाही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समावेश आहे, त्यामुळे अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढता येतं. वडील सरकारी नोकरीत असतील किंवा होते, आणि भाऊ कमावू शकत नसेल, तर त्याला पुढे आजीवन कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. पण त्याची नोंद वडील असतानाच झालेली बरी, मागाहून फार खेटे पडतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे तो बरा असताना आपला प्रतिनिधी म्हणून कुणाला नेमायचं हे लिहून ठेवू शकतो. "आमच्या माघारी याचं काय?" हा प्रश्न आईंच्या मनात नक्की असणार. घरात तो कुणी उच्चारत नाही. गटात तो उच्चारला जातो आणि मागून कुणीतरी फॉर्मची झेरॉक्स पुढे करतं.

आता आईंचं. भावाला आधी नेऊ नका, त्याला नको असेल तर मुळीच नको. तुम्ही एकट्या/एकटे जाऊन या. आईंना समजावत बसू नका, परत आल्यावर जेवताना एखादा किस्सा सांगा, नावं न घेता. बादलीचा सांगा हवा तर. त्या विचारतील, "मग त्या बाईंनी काय केलं?" तेव्हा म्हणा, पुढच्या खेपेला तूच विचार. तिथे बोललंच पाहिजे असं नसतं, नुसतं बसलेलं चालतं. आमच्याकडे एक मावशी कित्येक महिने फक्त चहाला थांबायच्या. वडील असतील तर त्यांनाही न्या. बैठकांना बायकाच जास्त येतात आणि निर्णय मात्र घरी बसलेले पुरुष घेतात, हे मला अजूनही खटकतं.

आणि मधल्या काळात रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा सरकारी क्रमांक आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. फक्त भावासाठीच लावायचा असं नाही, तुमच्या स्वतःसाठीही लावता येतो. तो मरायचं बोलत असेल किंवा अंगावर येत असेल तर मात्र बैठकीची वाट बघू नका, सरळ रुग्णालय गाठा. गाव कळवलंत तर जवळ कुठे गट आहे का, ते बैठकीत विचारून इथेच खाली लिहीन.