सत्तरीच्या गावांतून एक दिवस

प्रश्न : जानेवारीत माझ्या सासूबाई आमच्याकडे पर्वरीला राहायला येत आहेत. त्यांचे वय ७३ असून गुडघे दुखतात, तरी जुन्या देवळांची त्यांना अतिशय ओढ आहे. किनारे त्यांनी पूर्वीच पाहिले आहेत. स्वतःच्या गाडीने एका दिवसात डोंगराकडची जुनी गावे दाखवता येतील असा रस्ता कृपया सुचवावा.
— एक वाचक, पर्वरी

उत्तर : आपण गोव्याच्या ईशान्येचा डोंगराळ तालुका सत्तरी निवडावा, आणि त्या दिवशी फक्त सत्तरी व त्याच्या सीमेलगतचे तांबडी सुर्ल एवढेच करावे. बरेच जण डिचोली, साखळी, वाळपई अशा क्रमाने निघतात आणि तांबडी सुर्लला पोहोचेपर्यंत दुपार टळते. आपण मुद्दाम उलट फिरावे. सकाळी सहाला निघून फोंडा, मोले या मार्गाने प्रथम तांबडी सुर्ल गाठावे. पणजीहून हे अंतर साधारण ६५ किलोमीटर आहे. कदंब राजघराण्याच्या काळातले, बाराव्या-तेराव्या शतकातले हे महादेवाचे देऊळ पूर्वाभिमुख असल्यामुळे सकाळचे ऊन थेट मंडपात उतरते, आणि छतातले दगडी कमळ त्या उजेडात जसे दिसते तसे दुपारी दिसत नाही. हा काळा बसाल्ट आसपासचा नव्हे, तो घाटावरून आणलेला आहे. गोव्याच्या जांभ्या दगडात इतके बारीक कोरीव काम टिकलेच नसते. मंडपातल्या एका खांबाच्या तळाशी हत्ती घोड्याला तुडवताना कोरला आहे. तो अगदी खाली असल्याने उभ्या माणसाच्या नजरेतून सुटतो. सासूबाईंना त्या खांबाजवळ बसवूनच दाखवा. गर्भगृहासमोरच्या नंदीला आता मस्तक नाही.

तेथून वाळपईकडे येणारा रस्ता जंगल, कुळागरे (सुपारीच्या बागा) आणि लहान वाड्यांमधून जातो. या वाटेवर मोठे हॉटेल मिळेल असे धरून चालू नये. डबा आणि पाणी बरोबर ठेवावे, तसेच पेट्रोल फोंड्यातच भरून घ्यावे. वाळपईच्या अलीकडे, साधारण सात किलोमीटरवर, ब्रह्मकरमळी हे गाव लागते. माझ्या मते आपल्या प्रवासाचा गाभा येथे आहे. देशात ब्रह्मदेवाची देवळे मोजकीच, आणि येथली कदंबकालीन मूर्ती मूळची तिसवाडीतल्या करमळीची. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेखाली देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा भक्तांनी ती नदीपलीकडे, डोंगराच्या आडोशाला आणली आणि गावाच्या नावातही मूळ गाव जपले. मूर्तीच्या मधल्या मुखावरची दाढी पाहताना, एवढा जड दगड त्या काळच्या वाटांनी येथवर कसा आणला असेल, हा विचार मला दर वेळी पडतो. सासूबाईंना गाभाऱ्यासमोर निवांत बसू द्या. येथे घाई केलीत तर दिवस फुकट गेला असे समजा.

वाळपईजवळच्या नाणूसच्या किल्ल्याचे आज फारसे काही उरलेले नाही, म्हणून तेथे चढून जाण्याची गरज नाही. मात्र गाडीतून जाताना एवढे अवश्य सांगा की २६ जानेवारी १८५२ रोजी सत्तरीच्या दीपाजी राणे यांनी हा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला आणि त्यांचा लढा १८५५ पर्यंत चालला. आपला मुक्काम जानेवारीतच असल्याने तारीख त्यांच्या लक्षात राहील. परतताना साखळीला वाळवंटीच्या काठी असलेल्या राण्यांच्या विठ्ठल मंदिरात तिन्हीसांजेला थांबा, मग डिचोलीमार्गे घरी या.

सत्तरीतल्याच म्हाऊस गावची कातळचित्रे (खडकावर कोरलेली प्राचीन चित्रे) मी या यादीतून जाणूनबुजून वगळली आहेत. ती झर्मे नदीच्या पात्रातल्या खडकावर आहेत, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी पात्रात उतरणे धोक्याचे आहे. आपण उभयता पुन्हा कधी पाणी ओसरल्यावर जा. कोवळे ऊन तिरपे पडते तेव्हा बैलांची वशिंडे आणि शिंगे खडकातून उठून दिसतात. ऊन डोक्यावर आले की त्याच रेषा हरवतात. फोटो स्पष्ट यावा म्हणून कोणी त्यांवर खडू फिरवीत असेल तर कृपया त्याला थांबवा.

आणखी एक विनंती. रस्त्याकडेला झाडाखाली वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा) किंवा सतीशिळा (सती गेलेल्या स्त्रियांच्या) दिसल्या तर त्या केवळ जुने दगड नाहीत. अनेक गावांत त्यांची आजही पूजा होते. चपला काढून, जवळच्या घरात विचारून मगच पुढे व्हावे. विचारणाऱ्याला सत्तरीत माहिती तर मिळतेच, बहुधा चहाही मिळतो.

प्रश्न : हाच प्रवास पावसाळ्यात चोर्ला घाटाने केला तर चालेल का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : केरीपर्यंत आनंदाने जावे. अंजुणे धरणाचा जलाशय आणि त्यामागचा वाघेरी डोंगर पावसात डोळ्यांचे पारणे फेडतात, आणि केरीची अजोबाची राय, म्हणजे तिथली देवराई, बाहेरूनच हात जोडून पाहावी. पुढचा घाट मात्र बेळगावकडच्या अवजड वाहनांचा रस्ता आहे. धुके उतरले की समोरचे वळणही दिसत नाही; अशा वेळी दिव्यांचा झोत खाली ठेवून सावकाश चालवावे आणि धबधबा कितीही जवळ असला तरी वळणावर गाडी उभी करू नये. वयस्कर माणसे बरोबर असतील तर केरीहूनच मागे फिरणे मला योग्य वाटते.