मंत्री व्हायचंय? आधी फाईल वाचायला शीक

अगं, तुझा भलामोठा मेसेज वाचला. पीएचडी संपत आलीय, आता कॉलेजात चिकटायचं की सरकारात शिरायचं, आणि सर, प्राध्यापक माणूस पर्यावरणमंत्री होऊन खरंच काही करू शकतो का, असं विचारलंयस. करू शकतो की. पण त्यासाठी जर्मनीच्या क्लाउस टोप्फर यांचं करिअर नीट बघ.

माणूस अर्थशास्त्राचा, १९६८ ला डॉक्टरेट, पुढे हॅनोवरला प्रोफेसर आणि १९८७ ला थेट केंद्रात पर्यावरणमंत्री. वरवर बघितलं की वाटतं काय झेप घेतली राव! पण झेपबिप काही नाही, प्रोफेसरकी जेमतेम वर्षभराची आणि तिच्या आधी सात वर्षं सारलँड राज्याच्या नियोजन विभागात, नंतर सात वर्षं दुसऱ्या राज्यात सचिव, मग तिथलेच पर्यावरणमंत्री, म्हणजे दिल्लीसारख्या खुर्चीवर बसायच्या आधी पंधरा वर्षं फायली उपसल्या होत्या. नोव्हेंबर १९८६ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझेलजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली, ती विझवायला मारलेलं पाणी कीटकनाशकं घेऊन ऱ्हाइन नदीत गेलं, नदी लाल झाली, मासे मेले, आणि ती नदी पुढे यांच्याच राज्यातून वाहत होती.

१९८८ मध्ये त्यांनी सूट घालून (पाणबुडे घालतात तो रबरी हां, टायवाला नाही) त्याच नदीत उडी मारली तो फोटो तुला कुठेही सापडेल. फोटो छान आहे, पण त्यात अडकू नकोस. खरं काम १९९१ चा पॅकेजिंगचा नियम.

त्याची रचना बघ. नियम म्हणाला की दुकानदाराने गिऱ्हाइकाकडून रिकामे डबे, खोके, पिशव्या परत घ्यायच्याच. आणि मग एक पळवाट ठेवली, मुद्दाम: उद्योगांनी मिळून स्वतःच्या खर्चाने घरोघरचं पॅकेजिंग गोळा करायची व्यवस्था उभी केली तर दुकानदाराला यातून सूट. झालं, दुकानात कचऱ्याचा ढीग कोणाला हवाय, कंपन्यांनी धावत जाऊन ती व्यवस्था उभी केली आणि पाकिटांवर हिरवा ठिपका आला, म्हणजे या पाकिटाच्या गोळा करण्याचे पैसे भरलेत अशी खूण. कचऱ्याचा खर्च नगरपालिकेच्या डोक्यावरून बनवणाऱ्याच्या डोक्यावर गेला, एका अटीच्या जोरावर! आपल्याकडच्या २०१६ च्या प्लास्टिक नियमांत उत्पादकाची जबाबदारी म्हणतात ती याच घराण्यातली.

अर्थात सगळं गोडगोड नव्हतं. लोकांनी इतकं प्लास्टिक वेगळं काढून दिलं की रिसायकल करायची सोयच अपुरी पडली, १९९३ मध्ये उद्योगांनी उभी केलेली ती गोळा करणारी कंपनी बुडायच्या बेतात आली आणि बराच माल परदेशात पाठवला गेला. नियम लिहिणाऱ्याने पुढचं गोदाम पण मोजायचं असतं, हे तू आत्ताच लिहून ठेव.

आणि खुर्ची जाते गं. १९९४ मध्ये त्यांना बांधकाम खातं दिलं आणि पर्यावरण मिळालं अँगेला मर्केल यांना, त्याही मूळच्या संशोधक, क्वांटम केमिस्ट्रीत डॉक्टरेट. टोप्फर रुसून बसले नाहीत, पुढे १९९८ पासून आठ वर्षं नैरोबीत संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम चालवला. जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुभट्टी अपघातानंतर २०११ मध्ये जर्मनीने अणुऊर्जा सोडायची का हे ठरवायला समिती नेमली गेली तेव्हा चॅन्सेलर मर्केलबाईंनी तिच्या दोन अध्यक्षांपैकी एक म्हणून कोणाला बोलावलं? यांनाच.

तर आत्ताच कुठल्या पक्षात जाऊ असं विचारू नकोस. आपलं पर्यावरण मंत्रालय ड्राफ्ट नोटिफिकेशन, म्हणजे नव्या नियमाचा मसुदा, काढतं, बहुतेक वेळा साठ दिवसांत हरकती-सूचना मागवतं, आणि तिकडे फिरकतात कोण, कंपन्यांचे वकील. पुढचा ड्राफ्ट आला की बस, एकेक कलम वाच, खर्च कोणावर पडतोय, पळवाट कुठेय, तपासणार कोण, ते शोध आणि दोन पानांत हरकत लिही. थिसिसची भाषा नको, सेक्शन ऑफिसरला कळेल अशी. पाठवायच्या आधी मला दाखव, खाडाखोड करून देतो.