केंद्रातील सहकाऱ्यांचा गौरव आणि नव्या नेमणुकीची बातमी: कुणाला, केव्हा आणि कशा शब्दांत?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे: आपण नुकतेच जिल्हा परिषदेच्या अकरा शाळांच्या केंद्राचे केंद्रप्रमुख झालात. शिक्षकांचे व इतर कर्मचाऱ्यांचे चांगले काम सर्वांसमोर आणणे आणि नवे मुख्याध्यापक किंवा अधिकारी येत असल्याची बातमी शाळाशाळांत पोहोचवणे, ही दोन्ही कामे आता आपल्याकडे आली आहेत; ती करताना कुणी दुखावले जाऊ नये यासाठी काय करावे, असे आपण विचारता. मी कोल्हापूर जिल्ह्यात बत्तीस वर्षे नोकरी केली, त्यातील शेवटची सहा वर्षे केंद्रप्रमुख म्हणून. कुणीच दुखावले जाणार नाही अशी रीत मला काही सापडली नाही. मात्र माणसाला निर्णय जितका लागतो, त्याहून अधिक तो निर्णय आपल्याला कुणाकडून आणि कितव्या नंबराने कळला हे लागते, एवढे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. म्हणून ती चूक आधी सांगतो.

माझ्या केंद्रात पावणेदोनशे पटाची एक शाळा होती. मुख्याध्यापकाचे पद मंजूर होते, पण चार वर्षे रिक्त. तिथले सर्वांत ज्येष्ठ गुरुजी प्रभारी म्हणून शाळा ओढत होते. एका जुलैमध्ये पदोन्नतीच्या समुपदेशनाची (ज्येष्ठतेप्रमाणे शाळा निवडून घेण्याच्या प्रक्रियेची) यादी रात्री साडेदहाच्या सुमारास माझ्या मोबाईलवर आली. त्या शाळेसाठी एका बाईंचे नाव होते. आनंदाची बातमी आहे, लवकर कळवावी, या भरात मी ती यादी पुष्पगुच्छाचे चित्र आणि ‘हार्दिक अभिनंदन’ जोडून केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. त्या ग्रुपवर शाळा व्यवस्थापन समित्यांचे अध्यक्षही होते. गुरुजी नऊ वाजता झोपणारे. पहाटे सहाला ते किटली घेऊन दूध संस्थेत गेले, रांगेत उभे राहिले, आणि पुढे उभे असलेले समितीचे अध्यक्ष मागे वळून म्हणाले, “गुरुजी, सुटलासा बगा आता. नवीन बाई येणार हाईत न्हवं शाळंला?” गुरुजींनी दूध घातले, फॅटची पावती घेतली आणि घरी गेले. दुपारी ते केंद्रशाळेत आले, रुमालात गुंडाळलेला किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवला आणि एवढेच विचारले, “चार्ज कुणाकडं द्यायचा, तेवढं सांगा.” बाईंच्या हातात तेव्हा आदेशसुद्धा पडलेला नव्हता, त्या अकरा दिवसांनी रुजू झाल्या. मधले अकरा दिवस त्या शाळेत प्रभारींचे कुणी ऐकेना आणि नव्या मुख्याध्यापकांचा पत्ता नाही, अशी अवस्था होती. पोषण आहाराच्या तांदळाची पावती कुणी सही करून घ्यायची, इथपासून वाद झाला.

गुरुजींना पद मिळणार नाही हे त्यांना ज्येष्ठता यादीवरून कधीचेच ठाऊक होते. त्यांना लागले ते दूध संस्थेच्या रांगेत कळले म्हणून, आणि चार वर्षांच्या कामाचा त्या पुष्पगुच्छात कुठे उल्लेख नव्हता म्हणून.

त्यानंतर मी एक क्रम ठरवला आणि निवृत्त होईपर्यंत पाळला. आदेश, म्हणजे सहीशिक्क्याचा आणि जावक क्रमांकाचा कागद, हाती आल्याशिवाय काहीही लिहायचे नाही. तात्पुरती ज्येष्ठता यादी ही हरकती मागवण्यासाठी काढलेली असते, ती बातमी नव्हे. ती फिरवायचीच असेल तर तिच्यावर ‘तात्पुरती’ हा शब्द ठळक राहिला पाहिजे आणि हरकतीची शेवटची तारीख तिच्यासोबत गेली पाहिजे. आदेश आल्यावर पहिला फोन जाणाऱ्याला किंवा प्रभारीला, दुसरा येणाऱ्याला. त्यानंतर त्या शाळेच्या सूचना वहीत नोंद व सर्वांच्या सह्या. मग समितीच्या अध्यक्षांना, आणि त्यांच्याकडून गावाला. केंद्राच्या ग्रुपवर बातमी सर्वांत शेवटी. हे सारे एका दिवसात उरकते, फार तर दीड दिवसात. परंतु क्रम उलटला की तो निस्तरायला वर्ष जाते. मला कुणी म्हणेल की आजकाल यादी आपल्या आधीच चार ग्रुपांवर फिरलेली असते. खरे आहे. पण इतरांच्या ग्रुपवर वाचणे वेगळे आणि आपल्या केंद्रप्रमुखाने आपल्याला डावलून सर्वांना सांगणे वेगळे, हा फरक माणसांना बरोबर कळतो.

बातमीत काय असावे, हा प्रश्न त्याहून सोपा आहे, तरी बहुतेक वेळा तिथेच गफलत होते. नव्या व्यक्तीचे शिक्षण, छंद आणि आजवर मिळालेले पुरस्कार यांनी पानभर मजकूर भरतो आणि शाळेला हवी असलेली माहिती त्यात नसते. रुजू होण्याची तारीख कोणती, तोपर्यंत सही कुणाची चालेल, चार्ज यादीप्रमाणे डेडस्टॉक (टिकाऊ सामानाची नोंदवही), कॅशबुक आणि दप्तर कोण कुणाला देणार, शाळा व्यवस्थापन समितीच्या बँक खात्यावरील सही कधी बदलणार, हे चार वाक्यांत आले की पुरे. मुख्याध्यापक हेच समितीचे सदस्य-सचिवही असतात, त्यामुळे त्यांचे नाव बदलले की समितीच्या इतिवृत्तातही तशी नोंद लागते, आणि ते कुणी सांगितले नाही तर अनुदान खात्यावर पडून राहते. पाचवे वाक्य जाणाऱ्यासाठी ठेवा. त्यात विशेषणे नकोत. त्यांच्या काळात शाळेत जे घडले त्यातील एक गोष्ट तारखेसह लिहा.

प्रभारींविषयी आणखी थोडे लिहिले पाहिजे, कारण आपल्या अकरा शाळांपैकी बहुतेकांत तेच असतील. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत दीडशेहून अधिक आणि सहावी ते आठवीसाठी शंभराहून अधिक मुले असल्यास स्वतंत्र मुख्याध्यापक अपेक्षित आहे. गगनबावडा, शाहूवाडी, आजरा, चंदगड अशा डोंगराळ तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवरच्या दोनशिक्षकी शाळांना त्यामुळे मुख्याध्यापकाचे पदच मिळत नाही. दोघांपैकी ज्येष्ठ असेल त्याने वर्ग सांभाळून सारे कागद रंगवायचे, सगळ्या ऑनलाईन माहित्या भरायच्या आणि सभेलाही यायचे. त्यांची नेमणूक होत नाही, म्हणून त्यांची बातमीही होत नाही. अशा शाळेचा कारभार एकाकडून दुसऱ्याकडे गेला, तर मी त्याची नोंद मुख्याध्यापकाच्या नेमणुकीइतकीच रीतसर केंद्राच्या पत्रात घेत असे. एका वरिष्ठांनी यावर “हे कशाला?” असे विचारले होते. मी पत्र लिहिणे थांबवले नाही.

अधिकारी बदलले तर पत्र आणखी छोटे करा. जिल्हा परिषदेच्या सदस्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला, तेव्हा शिक्षकांना त्यामागचे राजकारण नको होते; शिक्षण समिती नसताना आता अर्ज कुणाच्या नावे करायचा, एवढेच त्यांनी मला विचारले.

आता गौरवाकडे येतो. पुरस्कार आणि कौतुक या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि आपल्या हातात फक्त दुसरी आहे. जिल्हा आदर्श शिक्षक पुरस्कार असो, सावित्रीबाई फुले यांच्या नावाचा राज्य पुरस्कार असो की राष्ट्रीय पुरस्कार, त्यांची पद्धत प्रस्तावाची आहे. राष्ट्रीय पुरस्कारासाठी २०१८ पासून शिक्षक स्वतःच ऑनलाईन अर्ज करतो. स्वतःच्या कौतुकाची फाईल स्वतःच तयार करायची, फोटो चिकटवायचे, दाखले गोळा करायचे, हे सर्वांना जमत नाही, आणि ज्यांना जमत नाही त्यांच्यात काही फार चांगले शिक्षक मी पाहिले आहेत. त्यांच्यासाठी आपण एक काम करू शकता. शाळाभेटीला जाल तेव्हा शेरेबुकात ‘समाधानकारक’ लिहून उठू नका; काय पाहिले ते लिहा. दुसरीतील अमुक मुले हातच्याची वजाबाकी करताना काड्यांचे गठ्ठे स्वतः सोडत होती, असे एक वाक्य तारीख व सहीसह शेरेबुकात असले, तर पुढे त्या शिक्षकाने प्रस्ताव केला नाही केला, तरी त्याच्या कामाचा पुरावा शाळेत राहतो.

५ सप्टेंबरच्या बाबतीत एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९६२ पासून हा दिवस डॉ. राधाकृष्णन यांच्या जन्मदिनानिमित्त शिक्षक दिन म्हणून पाळला जातो, हे सर्वांना पाठ आहे. पण आपल्याच आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे डॉ. जे. पी. नाईक यांचाही जन्म ५ सप्टेंबरचाच, १९०७ सालचा. गारगोटीचे मौनी विद्यापीठ उभे करणारे आणि १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव असलेले नाईक. त्याच आयोगाने शाळासंकुलांची कल्पना मांडली: जवळपासच्या शाळा एकमेकींना जोडाव्यात, म्हणजे लहान शाळेतील शिक्षक एकटा पडणार नाही. आपले केंद्र त्याच नात्यातले आहे. म्हणून कौतुकाची जागा मी सभागृहापेक्षा केंद्रातील शिक्षकांच्या दरमहाच्या बैठकीत, म्हणजे शिक्षण परिषदेत ठेवली. ज्याचे काम चांगले आहे त्याने उभे राहून दहा मिनिटे ते करून दाखवायचे. शेजारच्या शाळेतील शिक्षकाने “तो तक्ता मला द्या” असे म्हटले की सत्कार झाला, असे मी समजत असे. शाल आणि श्रीफळ मी बंद केले नाही. फेटा बांधून घ्यायला कोल्हापुरात कुणाला आवडत नाही? पण चौकात डिजिटल, म्हणजे फ्लेक्सचा फलक, लावण्याच्या बाबतीत मात्र मी ठाम होतो. डिजिटलवर शिक्षकाच्या फोटोभोवती शुभेच्छुकांचेच वीस फोटो येतात आणि चौकात वाचणाऱ्याला काम काय केले ते कळतच नाही.

‘उल्लेखनीय कार्य’ हे शब्द आपल्या कोणत्याही मानपत्रात येऊ देऊ नका, असे मी आग्रहाने सांगेन. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर करवीर तालुक्यातील, पंचगंगेच्या काठच्या एका शाळेच्या शिक्षकाचा आम्ही सत्कार करणार होतो. मानपत्राचा मसुदा माझ्याकडे आला, त्यात ‘पूरकाळात केलेले उल्लेखनीय कार्य’ असे होते. मी त्यांना बोलावून नेमके काय केले ते विचारले. पाणी वाढत असताना त्यांनी शाळेची एकोणीस जनरल रजिस्टरे, म्हणजे मुलांच्या प्रवेशाच्या कायम नोंदवह्या, हलवली होती, त्यातील सर्वांत जुनी संस्थानकाळातली. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्यानंतरच्या पिढ्यांची नावे अशा रजिस्टरांत आहेत. पुढे २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा याच रजिस्टरांसाठी गावोगावचे लोक शाळेच्या दारात उभे राहिले. “पण भिजली कशी नाहीत?” असे मी विचारले, तेव्हा गुरुजी म्हणाले की, पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनी तांदळाची रिकामी प्लॅस्टिकची पोती काढून दिली, प्रत्येक गठ्ठा दोन पोत्यांत घालून तोंड सुतळीने शिवले, आणि रजिस्टरे मावशींच्याच घराच्या माळ्यावर चढवली, कारण त्यांचे घर गावातील उंचवट्यावर होते.

मसुद्यात मावशींचे नाव कुठेच नव्हते. कर्मचारी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हजेरीपटावरचे शिक्षक येतात; स्वयंपाकी-मदतनीस, फिरते विशेष शिक्षक, गटसाधन केंद्रातील विषयतज्ज्ञ ही मानधनावरची माणसे यादीतून आपोआप गळतात. मसुदा पुन्हा लिहिला. त्यात एकोणीस रजिस्टरे, पोती, सुतळी आणि माळा हे सगळे आले, आणि दोघांना एकाच मजकुराची दोन मानपत्रे दिली. शिक्षण परिषदेत ते वाचले तेव्हा नेहमीसारखी कुजबुज झाली नाही, कारण ‘यांनी असं काय केलं?’ हा प्रश्न विचारायला जागाच उरली नव्हती.

मावशींनी मानपत्राला घडी घातली नाही. त्या मुख्याध्यापकांना म्हणाल्या, “सर, ह्याची झेरॉक्स कमिटीच्या फायलीला लावा.” त्यांची नेमणूक समितीच्या ठरावावर चालते, हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आले नव्हते. तेव्हापासून मानधनावरील प्रत्येकाच्या कौतुकाची एक प्रत मी समितीच्या फायलीला लावत आलो. आपणही पहिल्या महिन्यापासून लावा.