ठाण्यातल्या उड्डाणपुलासाठी महापालिका केंद्राकडे थेट कर्ज मागू शकते का?

थेट नाही. केंद्राची ५० वर्षांची बिनव्याजी कर्जाची योजना २०२०-२१ पासून सुरू आहे, पण ती राज्यांसाठी. महापालिकेने प्रस्ताव मंत्रालयात नगरविकास विभागाकडे द्यायचा, पुढे राज्य सरकार तो केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाकडे नेतं. फेडही राज्यच करतं, म्हणून राज्याची इच्छा नसेल तर कागद हलत नाही.

मेट्रोचं गणित वेगळं. ठाण्याच्या २९ किमीच्या वर्तुळाकार मेट्रोला केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. खर्च सुमारे १२,२०० कोटी. त्यात केंद्र आणि राज्याचं भागभांडवल समान, शिवाय काही भाग परदेशी कर्जातून.

माझं कळकळीचं सांगणं: सगळं लक्ष प्रकल्प अहवालावर द्या. घोडबंदर रोडसारख्या ठिकाणी जागेचा ताबा, वन विभागाची परवानगी, रस्त्याखालच्या जलवाहिन्या आणि वीजवाहिन्या हलवायचा खर्च हे आधीच लिहिलेलं हवं. हा खर्च नंतर निघाला की सुधारित मंजुरीचा फेरा सुरू होतो आणि कोंडीत अडकतो तो सामान्य ठाणेकर.

महापालिकेला स्वतःच उभं राहायचं असेल तर म्युनिसिपल बाँडचा, म्हणजे गुंतवणूकदारांकडून कर्ज उभारायच्या रोख्यांचा मार्ग आहे. पतमानांकन, म्हणजे कर्ज फेडण्याच्या क्षमतेला मिळालेला दर्जा, मात्र चांगलं लागतं.