‘पित्त झालंय’ हे जर्मन डॉक्टरला कसं सांगायचं?

परदेशात शिकायला गेलेल्या मुलांच्या आजारपणाबद्दल या महिन्यात इतकी पत्रं आलीत की अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. जर्मनीत शिकले, नंतर चार वर्षं तिथे आपल्या मुलांबरोबर दवाखान्यात दुभाषी म्हणून जात होते, आता दादरला जर्मन शिकवते. गोळी कुठली घ्यायची ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, तिथल्या डॉक्टरशी बोलायचं कसं ते मी सांगते.

प्रश्न: ताई नमस्कार, मुलगा जर्मनीत आखनला एमएस करतोय. मागच्या महिन्यात रात्री अडीचला फोन, पोटात खूप दुखतंय. आमच्या डॉक्टरांनी पित्ताची गोळी घ्यायला सांगितली तर ती नेमकी संपलेली. सकाळी तिथल्या डॉक्टरला मोबाईलवर ट्रान्सलेट करून दाखवलं की पित्त झालंय, तर त्यांनी पित्ताशयाची सोनोग्राफी काढायला लावली, आम्हाला वाटलं खडा वगैरे आहे की काय, दोन दिवस घशाखाली घास उतरला नाही. रिपोर्ट नॉर्मल आला आणि मग नुसतं चहा पी, आराम कर सांगून घरी पाठवलं! तिकडचे डॉक्टर लक्ष देत नाहीत का? इथून गोळ्या कुरियर करू का? (एक आई, मुलुंड)

उत्तर: ताई, रिपोर्ट नॉर्मल आलाय ना, मग आता पोटभर जेवा. झालं काय ते सांगते. आपण मराठीत पित्त म्हणतो ते किती वेगवेगळ्या गोष्टींना म्हणतो बघा. जेवायला उशीर झाला आणि छातीत जळजळायला लागलं की पित्त, उन्हातून आल्यावर डोकं ठणकलं आणि कडू उलटी झाली की पित्त, अंगावर लाल गांधी उठल्या की तेही पित्तच, मग आजी आमसुलाचं पाणी लावते. मुलुंडच्या डॉक्टरला तुमचा चेहरा बघूनच कळतं यातलं कुठलं ते. मोबाईलने मात्र पित्ताचं सरळ ‘गाल्लं’ केलं असणार, आणि जर्मन माणूस बोलताना पित्ताशयालाही गाल्लंच म्हणतो. पोट दुखतंय आणि पेशंट स्वतःच पित्ताशय म्हणतोय म्हटल्यावर सोनोग्राफी सांगणारा डॉक्टर लक्ष देत नव्हता असं मी तरी म्हणणार नाही. त्याने तुमच्या मुलाचं ऐकलं, शब्द चुकीचा पोचला.

म्हणून मुलाला सांगा, आजाराचं नाव घ्यायचंच नाही, काय होतंय तेवढं सांगायचं. दुखतंय तिथे बोट ठेवायचं, कधीपासून दुखतंय, खाल्ल्यावर वाढतं की कमी होतं, उलटी किती वेळा झाली, शी कशी होतेय, सगळं. हे आधी साध्या मराठीत कागदावर लिहायचं आणि मग मोबाईलला द्यायचं. कळ, मुरडा, सणक, चमक, ठसठस हे आपले शब्द इतके नेमके आहेत की मला त्यांचा अभिमान वाटतो, पण ॲप तिथेच गडबडतं, त्यामुळे ‘मुरडा येतो’ऐवजी ‘थांबून थांबून दुखतं, मग शी लागते’ असं लिहायचं. आणि आलेलं जर्मन परत मराठीत उलटवून वाचायचं, चूक असेल तर तिथल्या तिथे पकडली जाते. ताप सेल्सिअसमधे सांगायचा, आपलं घरचं थर्मामीटर १०२ दाखवतं ते तिकडे ३८.९ असतं.

अजून एक, भीड. तिकडे विचारतात, शून्य ते दहामधे किती दुखतंय? आपली मुलं दोन नाहीतर तीन सांगतात, डॉक्टरला कशाला उगाच त्रास. लालबागचा एक मुलगा माझ्याबरोबर इमर्जन्सीत बसला होता, मुतखडा होता, नर्सने विचारलं तर म्हणाला चार. टेबलाची कड त्याने इतकी घट्ट धरली होती की बोटांची नखं पांढरी पडलेली, नर्सने त्या हाताकडे बघितलं, काही न बोलता चारवर काट मारली आणि नऊ लिहिलं. प्रत्येक वेळी समोर अशी नर्स असेलच असं नाही, म्हणून जेवढं दुखतंय तेवढंच सांगायचं, कमी करून नाही.

राहिला चहा. तो चहा म्हणजे आपला आलं घातलेला दुधाचा नव्हे हं, तो पिऊन जळजळ वाढेल. बडीशेप नाहीतर कॅमोमाइल उकळून केलेला असतो, तिकडे पोटाला पहिलं तेच देतात. औषध एकूण कमीच देतात, अँटिबायोटिक तर चिठ्ठीशिवाय मिळतच नाही. आपल्याकडे पॅन ४० ही पित्ताची गोळी केमिस्टकडे सहज मिळते, तिकडे तेच औषध २० मिलिग्रॅमचं छोटं पाकीट चिठ्ठीशिवाय मिळतं, ४० ला चिठ्ठी लागते. कुरियर करू नका. भारतातून पोस्टाने किंवा कुरियरने खासगी माणसाने जर्मनीत औषधं पाठवायला बंदी आहे, पार्सल कस्टम्समधे अडकेल. स्वतः जाताना मात्र साधारण तीन महिने पुरतील एवढी आपल्यापुरती औषधं नेता येतात.

आणि बरं वाटतंय तोवरच त्याने घराजवळचा हाउसआर्ट्स्ट, म्हणजे तिकडचा फॅमिली डॉक्टर, गाठून ठेवायचा. फोन करून विचारायचं, नवीन पेशंट घेता का, कारण बरेच जण घेत नाहीत. बुधवारी आणि शुक्रवारी दुपारनंतर बरेच दवाखाने बंद असतात हेही लक्षात असू दे. रात्री-अपरात्री दुखायला लागलं पण जिवावरचं नसेल तर ११६११७ फिरवायचा, ड्यूटीवरच्या डॉक्टरांची व्यवस्था तिथून होते. छातीत कळ, श्वास लागणं, शुद्ध हरपणं असं काही असेल तर सरळ ११२. त्या रात्री अडीचला मुलुंडला फोन केला तसा त्याने ११६११७ पण करायला हवा होता. तुमच्याशी बोलून धीर येतो तो येतोच, पण पोट तपासणारा माणूस तिथेच लागतो.

प्रश्न: ताई, मी २३ वर्षांची, टाइप १ डायबिटीस आहे, सप्टेंबरमधे लाइपझिगला चाललेय. इन्सुलिन इथून नेऊ की तिथे घेऊ? घरचे खूप घाबरलेत. (गिरगाव)

उत्तर: दोन्ही कर. पहिले तीन महिने पुरेल एवढं ने, सगळं हातातल्या बॅगेत, सामानात टाकलं तर विमानाच्या पोटात गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नसतं. डॉक्टरांकडून इंग्रजीत लेटरहेडवर पत्र घे, त्यात औषधाचं मूळ नाव, डोस आणि सिरिंज-सुया लागतात हे लिहिलेलं असू दे. ब्रँडचं नाव तिकडे कोणी ओळखेलच असं नाही.

आता हे नीट वाच. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली बऱ्याचदा ४० युनिटची असते, म्हणजे एका मिलिलिटरमधे ४० युनिट, आणि तिची सिरिंज लाल टोपीची. इन्सुलिन पेनचं कार्ट्रिज १०० चं असतं आणि तिकडे तुझ्या हातात बहुतेक तेच येईल. १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने घेतलंस तर अडीच पट डोस जाईल. तू आत्ता बाटली वापरत असशील तर जायच्या आधीच डॉक्टरांना विचारून पेनवर ये, इथे आईबाबांसमोर हात बसू दे.

लाइपझिग पूर्वेकडचं, तिथे शुगर बऱ्याचदा मिलिमोल या वेगळ्या मापात सांगतात, त्या आकड्याला १८ ने गुणलं की आपला मिलिग्रॅमचा आकडा येतो. म्हणजे ३.९ ऐकलंस तर ते ७० आहे, लगेच साखर खायची. एक वाक्य मात्र झोपेतून उठवलं तरी म्हणता आलं पाहिजे: ‘इश बिन डियाबेटिकरिन, इश ब्राउखं त्सुकर’, मला डायबिटीस आहे, मला साखर हवी. चिठ्ठीवर लिहून मोबाईलच्या कव्हरमधे ठेव, कारण शुगर उतरल्यावर आपल्याला मराठीसुद्धा धड बोलता येत नाही हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. घरच्यांना म्हणावं, एवढी तयारी करणारी मुलगी सांभाळेल स्वतःला.

प्रश्न: धाकटी जर्मनीत, मोठी अमेरिकेत. हॉस्पिटलमधे दुभाष्या मिळतो का? (ठाणे)

उत्तर: मोठीला मिळेल. अमेरिकेत केंद्र सरकारचे पैसे घेणाऱ्या हॉस्पिटलांना दुभाष्या फुकट द्यावा लागतो, बऱ्याचदा फोनवर किंवा स्क्रीनवर असतो. तिचं इंग्रजी उत्तम असेल, तरी दुखत असताना मराठी हवं असेल तर मागायचं, लाजायचं नाही. जर्मनीत सरकारी विमा दुभाष्याचे पैसे देत नाही, त्यामुळे धाकटीने जर्मन येणारी एखादी मैत्रीण आधीच ठरवून ठेवावी. पण नाजूक गोष्ट असेल तर वर्गातली नको, लाजेपायी अर्धं सांगितलंच जात नाही, मी हे फार जवळून बघितलंय.

प्रश्न: गणपतीला घरी आलो होतो, परत ड्रेस्डेनला येऊन बारा दिवस झाले, काल थंडी वाजून ताप आला, आज उतरलाय. फ्लूच असेल ना? (मूळचा भांडुपचा)

उत्तर: तुला मेलवर लगेच कळवलंय, इथे इतरांसाठी छापतेय. पावसाळ्यात मुंबईहून गेलास, थंडी वाजून ताप आला आणि उतरला, हे ऐकून भांडुपचा कुठलाही डॉक्टर आधी मलेरियाची टेस्ट करेल. ड्रेस्डेनच्या डॉक्टरला मलेरियाचे पेशंट क्वचित दिसतात, तू सांगितलं नाहीस तर त्याच्या डोक्यात येईलच असं नाही. ताप उतरला म्हणून थांबू नकोस, मलेरियाचा ताप असा येतो-जातोच. आजच्या आज जा आणि दारातच पहिलं वाक्य हे बोल: मी बारा दिवसांपूर्वी मुंबईहून आलोय, माझी मलेरियाची टेस्ट करा. डेंग्यूचंही विचार, आणि तो नाही हे कळेपर्यंत ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन घेऊ नकोस. दवाखाना बंद असेल तर ११६११७. रिपोर्ट आला की मला कळव, रात्री कितीही वाजलेले असू देत.