अकरावीतच घाई कशाला?

‘मॅडम, अकरावी आत्ता सुरू झालीय. एवढ्यातच इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचं डोक्यात घातलं तर पोरगी अभ्यास कधी करणार?’ हा प्रश्न समुपदेशक म्हणून मला दरवर्षी पावसाळ्यात हमखास ऐकायला मिळतो. तीनेक वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावाहून आलेल्या वडिलांनी तो विचारला, तेव्हा त्यांची मुलगी शेजारी बसून वहीच्या मागच्या पानावर एकच चौकोन पुन्हा पुन्हा गिरवत होती.

तिला रात्री झोप लागत नव्हती. आधी म्हणाली, ‘केमिस्ट्री जड जातं.’ वडील फोन घ्यायला बाहेर गेले तेव्हा खरं ते निघालं. चुलतभावाला सीईटीत, म्हणजे प्रवेश परीक्षेत, छान पर्सेंटाइल होते, पण जातवैधता, म्हणजे जातीचा दाखला पडताळून मिळणारं प्रमाणपत्र, वेळेत हाती आली नाही. खुल्या प्रवर्गात टाकलं गेलं आणि सरकारी कॉलेज हुकलं. ‘माझंही तसंच झालं तर? पप्पांना विचारलं की म्हणतात, तू फक्त अभ्यास कर.’

वडिलांना वाटत होतं, आपण तिचा भार हलका करतोय. तिला मात्र त्यातून कळत होतं की या गोष्टीकडे कुणाचंच लक्ष नाही.

मी एक कोरा कागद घेतला, मध्ये उभी रेघ मारली. डावीकडे वडिलांचं नाव, उजवीकडे तिचं. माझं ठाम मत आहे की कागदपत्रं हे मोठ्यांचं काम. सोळा वर्षांच्या मुलीनं सेतू केंद्रात खेटे घालू नयेत.

वडिलांकडे डोमिसाइल, म्हणजे रहिवासाचा दाखला, आणि जातवैधता आली. ते ओबीसी, म्हणजे 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, पूर्वजांच्या जातीची नोंद असलेला पुरावा हवा. तो शोधण्यातच महिने जातात, म्हणून अकरावीतच कॉलेजकडून पत्र घेऊन जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडे अर्ज करायचा. नॉन-क्रिमीलेयरची, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नाही या दाखल्याची, मात्र घाई नको. ते प्रवेशानंतरच्या 31 मार्चपर्यंत वैध असावं लागतं. फार आधी काढलेलं वाया जाऊ शकतं.

तिच्या बाजूला थोडंच लिहिलं. सीईटीत अकरावीचा वाटा साधारण वीस टक्के आणि गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला दोन गुण, एवढं तिला माहीत असलेलं पुरे होतं. आणि दिवाळीच्या सुट्टीत दोन कॉलेजं प्रत्यक्ष बघून यायची.

डिसेंबरात वडील एकटेच आले. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी एक कागद काढला. त्यांच्या वडिलांच्या शाळेचा निर्गम उतारा. गावच्या शाळेत जुनं जनरल रजिस्टर शोधायला त्यांना चार फेऱ्या माराव्या लागल्या होत्या. आजोबांनी 1958 साली चौथीतून शाळा सोडलेली, आणि कारणाच्या रकान्यात दोन शब्द: ‘घरची गरिबी’. ‘पोरीला दाखवला,’ ते म्हणाले. ‘तिनं फोटो काढून ठेवलाय.’ पुढचं वाक्य त्यांना लवकर बोलता आलं नाही, मीही घाई केली नाही.

झोप लगेच सुधारली असं नाही. पण रात्री उठून ती जे प्रश्न स्वतःलाच विचारत बसायची, ते आता जेवताना पप्पांना विचारू लागली.

वैधता बारावीच्या सहामाहीआधी आली. कॉलेज आणि शाखांचा पसंतीक्रम लिहायचा पर्यायांचा अर्ज भरायच्या आदल्या दिवशी दोघं पुन्हा माझ्याकडे होते. वडिलांना पुण्यातलं नावाजलेलं कॉलेज आणि कॉम्प्युटर पहिल्या क्रमांकावर हवं होतं, तिला सिव्हिल. दिवाळीत पाहिलेल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडताना तिनं पाहिले होते, ते तिच्या मनात घर करून राहिले होते. मी नियम सांगितला: प्रवेशाच्या पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो घ्यावा लागतो, नाकारला तर पुढच्या फेऱ्यांना मुकावं लागतं. म्हणून तिथे मनापासून हवं तेच लिहायचं.

वडील बराच वेळ त्या यादीकडे बघत राहिले. मग यादी तिच्याकडे सरकवली आणि म्हणाले, ‘तुझं तू लिही, बाळा.’